हलफायाच्या डावात ८८ च्या तोफा किती मांडायच्या?

कोथरूडचा_तोफची:
मंडळी, येत्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर युद्धखेळासाठी हलफाया खिंड (इजिप्त-लिबिया सीमेजवळची) मांडतोय, १५ जून १९४१, जर्मनांवर ब्रिटिश फौजेचा हल्ला. स्केल १/७२. मागच्या खेपेला वाळवंट म्हणून फेव्हिकॉलवर रवा टाकला होता, तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी ताबा घेतला. यंदा बांधकामावरची वाळू आणून पिठाच्या चाळणीने चाळली आहे (आईला अजून माहीत नाही).

भांडण जर्मन तोफांवरून आहे. ८८ मिमीच्या (मुळात विमानविरोधी, पण रणगाड्यांवरही वापरलेल्या) दोन जोडून तयार आहेत. आमचा एक मित्र म्हणतो, बॅटरीत, म्हणजे तोफांच्या एका तुकडीत, सहा असतात, सहाच्या सहा लाव. टेबलावर त्या मावणार नाहीत आणि खिशाला तर अजिबात झेपणार नाहीत. शिवाय या तोफा पँझर (रणगाडा) डिव्हिजनच्याच की आणखी कुणाच्या? गणवेशाचा रंग त्यावर अडलाय.

पेठेतला_निवृत्त:
तुझ्या मित्राने नंतरच्या वर्षांतली बॅटरी १९४१ मध्ये आणून ठेवली आहे. सहा तोफांच्या बॅटऱ्या पुढे आल्या, तेही बरेचसे जर्मनीतल्या शहरांच्या रक्षणासाठी. १९४१ ची जड बॅटरी म्हणजे ८८ च्या चार तोफा, आणि त्यांच्या राखणीला २० मिमीच्या दोन. या दोन लहानग्या खेळात सगळे विसरतात. मी नोकरीत एल ७० या ४० मिमीच्या विमानविरोधी तोफेवर होतो, म्हणून सांगतो, मोठ्या तोफेवर अचानक खाली झेपावणारं विमान आलं की तिला फिरवून नेम धरेपर्यंत ते डोक्यावरून निघून गेलेलं असतं. जवळचा मारा लहान तोफेनेच करायचा.

अशा तीन जड आणि दोन हलक्या बॅटऱ्या मिळून एक मिश्र आब्टाइलुंग, म्हणजे आपल्या तोफखान्यातली रेजिमेंट समज (जर्मन रेजिमेंट त्याहून मोठी). हलक्या बॅटरीत २० मिमीच्या बारा तोफा.

मालक लुफ्तवाफ, म्हणजे हवाई दल! आफ्रिकेत ३३ व्या फ्लाक (विमानविरोधी) रेजिमेंटची पहिली आब्टाइलुंग होती. लढाईत ती आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल याच्या हुकमाखाली, पण माणसं हवाई दलाची. म्हणून त्यांना पँझरवाल्यांचा हिरवट रंग देऊ नकोस. लुफ्तवाफचा उष्ण प्रदेशातला गणवेश फिकट पिवळसर खाकी, खांद्याच्या पट्टीला लाल कड. १/७२ मध्ये ती लाल कड रंगवायला गेलास तर चष्म्याचा नंबर वाढेल, सोडून दे.

सहा_तोफांचा_मित्र:
तो मित्र मीच. बरं, चार तर चार. मग चारही चौकोनात मांडायच्या ना, मधे ते दुर्बिणीसारखं यंत्र ठेवून? फोटोत तसंच दिसतं.

पेठेतला_निवृत्त:
तो चौकोन विमानांसाठी. मधलं यंत्र विमानाची उंची, अंतर, वेग यांचा हिशेब करून चारही तोफांना केबलमधून आकडे पाठवतं. रणगाड्यावर मारताना त्याचं काही काम नाही, प्रत्येक तोफेचा नेमबाज आपल्या दुर्बिणीतून बघून मारतो. हलफायावर तोफा खड्ड्यात पुरून नळी जमिनीच्या जेमतेम वर ठेवली होती. ८८ उघड्यावर उभी केली तर फार उंच दिसते, वाळवंटात लांबून हेरता येते. म्हणून टेबलावरची वाळू उकरा आणि तोफा आत बसवा.

आणि बॅटरी एकत्र ठेवायचा हट्ट नको. त्या लढाईत ८८ च्या तोफा विभागल्या होत्या: काही हलफायावर, काही जवळच्या हाफिदच्या कड्यावर, काही पँझरबरोबर. तुझ्या दोन तोफा म्हणजे बॅटरीचा अर्धा भाग, त्यात खोटं काही नाही. पैसे वाचले.

बेळगावहून_पुण्यात:
विषय जर्मन तोफांचा आहे, तरी राहवत नाही. समोर कोण होतं ते लिहिलंत का? ११ वी इंडियन ब्रिगेड. २/५ मराठा लाइट इन्फंट्री खालून, किनाऱ्याच्या बाजूने चढत होती, वरच्या अंगाने कॅमेरॉन हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण, आणि दोन्हीकडे ब्रिटिशांचे मटिल्डा रणगाडे. वरचे मटिल्डा ८८ ने फोडले, खालचे सुरुंगांत अडकले. टेबलावर मराठ्यांचे प्लास्टिकचे शिपाई असतील अशी आशा आहे.

कोथरूडचा_तोफची:
आहेत! चोवीस. पण हिरोईक पोझ मारणारे ब्रिटिशच रंगवून घेतलेत, डोकी बदलायची राहिलीत.

काका, धन्यवाद. २० मिमीची एक तोफ घेतो, दुसरी याच मित्राच्या डब्यातून उसनी. तिच्यावर माणसं किती ठेवू?

पेठेतला_निवृत्त:
२० वर चार-पाच पुरेत. ८८ च्या तोफेवर मात्र दहा-अकरा माणसं लागतात, तेवढी तुझ्या टेबलावर मावत नसतील तर सहा ठेव. त्यातला एक तरी गोळा हातात घेतलेला हवा. आणि सहा तोफांवाल्याला सांग, २० मिमीची परत घेताना नळी मोडलेली निघाली तर माझ्याकडे तक्रार आणायची नाही.