पोलीस आणि वस्ती: ओळख कशी झाली, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

मंडळी, आमच्या बीट अंमलदारांची (आमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांची) गेल्या महिन्यात बदली झाली. निरोपाला चाळीसेक माणसं जमली. त्यातली निम्मी तरी दोन वर्षांपूर्वी ठाण्याची पायरी चढायला घाबरायची. हे कसं घडलं याचा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत न्यूअर्कला १९७०च्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्ह्यांचे आकडे फारसे हलले नाहीत, पण लोकांच्या मनातली भीती कमी झाली. त्याउलट ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतला, पोलीस आणि वस्ती यांच्या सहकार्यावरचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथे बैठका झाल्या, गस्त वाढली, तरी ना विश्वास वाढला ना गुन्हे घटले. अभ्यासकांना दिसलेली कारणं ओळखीची वाटतील: अधिकाऱ्यांच्या बदल्या, वरिष्ठांचं दुर्लक्ष, आणि लोकांनी मांडलेल्या अडचणी सोडवायला अपुरी साधनं.

तुमच्याकडे काय टिकलं, काय फसलं? मोकळेपणाने लिहा. ठाण्याचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

*

आमच्याकडे वहीमुळे फरक पडला. आमचे अंमलदार गाडीतून उतरून गल्लीत चालत यायचे आणि जो जे सांगेल ते उभ्या उभ्या लिहून घ्यायचे. मला वाटलं, झालं, गेली तक्रार वहीत! आठ दिवसांनी ते परत आले, पायरीवर बसले आणि वाचून दाखवलं: "तुमचे सात मुद्दे होते. तीन झाले. दोन पालिकेकडे पाठवलेत. दोन माझ्या हातात नाहीत, खोटं सांगणार नाही." त्या शेवटच्या वाक्यावर आमच्या सासूबाई त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या. अंधाऱ्या जिन्याखाली कोण बसतं, हे सासूबाईंना वर्षभर ठाऊक होतं.

*

मी खात्यातून निवृत्त झालो. कबूल करतो, आम्ही बरीच वर्षं वस्तीशी भागीदारी म्हणजे खबर काढणं असंच समजत होतो.

एका चौकात दर शनिवारी रात्री मारामारी व्हायची. फोन आला की गाडी जायची, दोघांना दटावून परत यायची. पुढच्या शनिवारी तेच. पोलीस कामकाजाचे अमेरिकन अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९मध्येच मांडलं होतं की पोलिसांनी एकेका घटनेमागे न धावता तिच्या मुळाशी असलेली समस्या हाताळावी. आम्हाला ते एका रहिवाशाने शिकवलं. तो म्हणाला, "साहेब, भांडण दारूचं नाही, गाडीचं आहे. शेवटची बस गेली की शंभर माणसं आणि चार गाड्या." बसवाल्यांशी बोलून शनिवारी एक उशिराची फेरी सुरू करून घेतली. चौक शांत झाला. एकही अटक करावी लागली नाही.

*

आमचा अनुभव कडू आहे. बैठकीला कायम तेच पाच-सहा जण, त्यांचीच घरं, त्यांचंच पार्किंग. आमच्या बाजूच्या पोरांना मात्र रोज अडवून झडती. तरीही एका बाईने विश्वासाने माहिती दिली. दोन दिवसांत तिचं नाव ज्याच्याविरुद्ध बोलली त्याच्यापर्यंत पोहोचलं. त्या दिवसापासून अख्खी गल्ली मुकी आहे, आणि मी कोणालाही दोष देत नाही.

*

ताई, हे वाचून फार वाईट वाटलं. नाव फुटणं हा खात्याचाच गुन्हा आहे, तुमच्या गल्लीचा नव्हे. आमच्याकडे माहिती देणाऱ्याचं नाव बैठकीत उच्चारायचंच नाही, असा नियम मी खात्यात असताना केला होता. आणि बैठक दर वेळी वेगळ्या गल्लीत, ज्यांची तक्रार सर्वांत जास्त त्यांच्या दारात. पहिल्या दोन वेळा शिव्याच खाल्ल्या. तिसऱ्या वेळी बसायला खुर्ची आली.

*

धागाकर्ता: वहीचं मनाला लागलं. आमच्या साहेबांची वही त्यांच्याबरोबर गेली आणि आम्ही कोणी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. नवे अंमलदार सोमवारी येतायत. रविवारी चारही गल्ल्यांत फिरून यादी करतोय, सुरुवात कधीच बैठकीला न आलेल्या घरांपासून.