मदत हवी आहे: खाडीत बांधलेली होडी मागे कुणी नसताना पाण्याने भरते, काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमची २२ फुटी लाकडी होडी आहे, दाभोळ खाडीत, पण मुखाशी नाही, वशिष्ठीच्या बरीच आतल्या अंगाला. आत छोटं डिझेल इंजिन, मागे शाफ्ट आणि पंखा. काका हिंडते-फिरते होते तोवर रोज सकाळी एक चक्कर असायचीच, पाणी दिसलं की डब्याने उपसून टाकायचं, त्यामुळे होडी गळते का हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही. आता काकांचे गुडघे गेलेत, मी पुण्यात, आणि विकून टाकू म्हटलं की घरात सगळ्यांची तोंडं उतरतात. पावसाळ्यात वर काढलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर गावच्या पोरांनी पाण्यात लोटून दिली आणि गणपतीला जाऊन बघतो तर आत पोटरीएवढं पाणी, पायाखालच्या फळ्या तरंगतायत, बॅटरी कामातून गेलेली, इंजिन थोडक्यात वाचलं.

जो तो सांगतोय ऑटोमॅटिक पंप बसव आणि सुटलास. पण पाणी पावसाचं की सांध्यातून की शाफ्टमधून तेच कळत नाहीये. एकाने वरून फायबर मारून घे म्हणून सांगितलं, त्याचा खर्च ऐकून गप्प बसलो. आता दिवाळीपर्यंत काही जाणं होत नाही. शेजारचा मुलगा आठवड्यातून एकदा बघून येईल म्हणतोय. त्याला नेमकं काय करायला सांगू आणि दिवाळीत मी आधी कशाला हात लावू?

ओहोटी_भरती:
पहिलं काम ताडपत्री. आपल्याकडे दिवसाला १०० मिमी पाऊस म्हणजे काही फार नाही, आणि तुमची होडी वरून १० चौरस मीटर धरली तरी तेवढ्यात हजार लिटर होतात, म्हणजे टनभर पाणी नुसतं आभाळातून. ताडपत्री सपाट ताणू नका, मधोमध लांब बांबू बांधून दोन्हीकडे उतार द्या, नाहीतर तिच्यातच तळं साचतं आणि दोऱ्या तुटून सगळं आत. दोन्ही टोकं हवेला मोकळी ठेवा. लाकूड कुजतं ते खाऱ्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने, ते आत कोंडून राहिलं की. आणि मुलाला सांगा आतलं पाणी जिभेवर ठेवून बघ, गोडं लागलं तर पाऊस, खारं लागलं तर खालून येतंय.

चिपळूणकडचा:
चाखायचं ठीक आहे पण ते मे महिन्यात. वशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणावरून येतं, त्यात पावसात सगळा डोंगर उतरतो, आतल्या बाजूला आत्ता खाडीच गोडी असणार. त्यापेक्षा होडी पूर्ण उपसून फडक्याने कोरडी करायची, शाफ्ट जिथे बाहेर जातो तिथे, इंजिन थंड करायच्या पाण्याच्या नळीपाशी आणि खालच्या सांध्यांवर खडूची पूड टाकायची आणि तासभर गप्प बसायचं. पाणी जिथून येतं तिथे पुडीत ओघळ उठतो, वेगळं डोकं लावायला नको.

शिवाय पौर्णिमेनंतर लोटली म्हणताय ना? दोन-अडीच महिने वर राहिलेल्या लाकडी होडीच्या फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात. पाण्यात गेल्यावर पहिले काही दिवस ती गळणारच, मग लाकूड फुगून बरंचसं आपोआप बंद होतं. त्या दिवसांत उपसायला माणूस पाहिजे, तिथेच तुमचं सगळं पाणी शिरलं असेल असा माझा अंदाज. पुढच्या वर्षी लोटायच्या आधी आतून ओली गोणपाटं अंथरून ठेवा आणि फळ्यांच्या सांध्यात ठासलेला कापूस सैल झालाय का ते सुताराकडून बघून घ्या. फायबर तर अजिबात नको, जुन्या ओल्या लाकडावर मारलं की पाणी मधे अडकतं, आतून लाकूड भुसभुशीत होतं आणि वरून दिसायला मस्त.

इंजिनवाला_दादा:
शाफ्टबद्दल कुणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो. शाफ्ट जिथे होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला ग्लँड असतो, त्यात शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग भरून नटाने आवळलेलं असतं. इंजिन चालू असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी यायलाच पाहिजे, त्याने पॅकिंग थंड राहतं. बंद केल्यावर ते जवळपास थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर नट थोडा थोडा आवळा, एकदम पिळू नका, नाहीतर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला खाचा पडतात, मग कितीही आवळा. पॅकिंग जुनं कडक झालं असेल तर होडी वर काढून नवीन भरा.

थंड पाण्याची नळी जिथे तळातून आत येते तिथला कॉक होडी सोडताना बंद. दर वेळी. तिथल्या नळीला दोन क्लॅम्प लावा, स्टीलचेच. पाण्याखाली फूटभर असलेल्या इंचभर भोकातून मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी येतं, म्हणजे ती नळी सुटली तर छोटा पंप काही करू शकत नाही.

धागाकर्ता:
आभारी आहे सगळ्यांचा. मुलाला काल फोन केला, त्याने उपसून पूड टाकली, सांधे कोरडे पण शाफ्टखाली ओघळ आहे म्हणतो, बारीक पण सतत. इंजिन बंद असताना. मग आता पंप लावू की नको?

इंजिनवाला_दादा:
लावा, पण ग्लँड दुरुस्त केल्यावर. ताशी ५०० गॅलन लिहिलेला पंप कागदावर १९०० लिटर, वर उचलायचं म्हणून हातात निम्मं धरा. टनभर पाऊस काढायला तास-सव्वातास, तेवढं बॅटरीला काहीच नाही. रोज गळत राहिलं आणि रोज चालत राहिला तर मात्र बॅटरी उतरते आणि नेमकी तुम्ही नसताना. २० वॉटचं सोलर पॅनेल लावा, नट-बोल्टने घट्ट, नाहीतर उचलून नेतात. पंपाची बाहेर जाणारी नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन मग खाली आणा, नाहीतर पंप थांबल्यावर त्याच नळीतून खाडी आत येते. पाणी चढलं की तरंगून वर येऊन पंप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचमध्ये जाळ्याचे धागे अडकतात, मुलाला दर आठवड्याला तो हाताने वर उचलून बघायला सांगा, पंप घरघरला की झालं.

ओहोटी_भरती:
आणि दोर! उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतं. आखूड बांधलेली होडी एका बाजूला कलंडून काठावरून पाणी घेते, त्यात गळतीचा काही संबंधच नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलाला दोर बघून यायला सांगा.