जागरणात माहिती वाचण्याचा आनंद

प्रश्न : वडिलांच्या उपचारांमुळे रात्री रुग्णालयात जागावे लागते. कादंबरीत मन रमत नाही; मात्र नागपूरविषयीची कोरडी माहिती वाचताना चक्क आनंद होतो. आणखी काय वाचावे?

उत्तर १ : ताई, सीताबर्डीपासून प्रारंभ करावा. १८१७ मध्ये जेथे भोसले आणि इंग्रज लढले, त्या टेकडीचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, हे कळल्यावर मला रुग्णालयातील घड्याळाचा धाक उरला नव्हता. नागपूरजवळच्या जुनापाणीची महापाषाणयुगीन शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, हाही वाचनीय विषय आहे; तेथील उत्खननात लोखंडी वस्तूंसह घोड्यांचे अवशेष सापडले.

उत्तर २ : दफनस्थळांचा विषय तूर्त नकोच! १८६३ मध्ये स्थापन झालेल्या अजब बंगल्याविषयी, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाविषयी वाचावे. औषधांची माहिती मात्र रात्री शोधू नये, ती डॉक्टरांनाच विचारावी.