"डिझेल खराब आहे" म्हणून इंजेक्टरची वॉरंटी नाकारता? मग आधी दाखवा तरी

बाराटायर_कोपरखैरणे
माझा बाराटायर ट्रक बीएस६ आहे, वॉरंटीत आहे, तळोज्यातून माल भरून पुण्याला जाताना बोरघाटात पिकअपच गेला, चेक इंजिनची लाईट लागली आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून नुसती रांगायला लागली. ओढून डीलरकडे आणली. स्कॅनर लावला, रेल प्रेशर (इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) कमी असल्याचा कोड आला, इथपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायझरचा फोन, डिझेलमध्ये पाणी आहे, वॉरंटी बसणार नाही, सहाच्या सहा नोझल (इंजेक्टर) बदलावे लागतील, इंजिनच्या हाय-प्रेशर पंपाचं नंतर बघू. पाणी कुठंय दाखवा म्हटलं तर फिल्टर फेकून दिलेला. सॅम्पल ठेवलंय का? नाही. बरं मग नकार लेखी द्या, तर म्हणे सिस्टीममध्ये तसं येत नाही.
माझं म्हणणं एवढंच, जो म्हणतो डिझेल खराब त्यानं ते सिद्ध करावं. मालकाच्या समोर रिटर्न टेस्ट (कुठला इंजेक्टर गळतो ते बघायची), मालकाच्या समोर डिझेलमधलं पाणी अडवणारा सेपरेटर उघडायचा, डिझेल बाटलीत भरून सील करायचं आणि नकार द्यायचा तर कागदावर. गाडी उभी आहे, भाडं बंद आहे, हप्ता मात्र तारखेला कापला जातोच. फोनवरच्या एका वाक्यावर एवढा खर्च मालकानं का उचलायचा?

माजी_अ‍ॅडव्हायझर
दादा, राग समजतो पण एक बाजू सांगतो. क्लेम पास करणारा डीलर नसतो, कंपनी असते. काढलेला पार्ट तिकडे जातो, त्यात गंज किंवा पाण्याचे डाग दिसले की क्लेम परत येतो आणि पैसे डीलरच्या खात्यातून कापले जातात. म्हणून अ‍ॅडव्हायझर आधीच हात वर करतो. आणि खरं बोलायचं तर गाड्या येतात तशाच, सेपरेटरचं पाणी कित्येक महिने सोडलेलं नसतं, हायवेला बायोडिझेलच्या नावाखाली काहीही विकतात तेही टाकीत असतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या त्या एकाच नळीत, दीड-दोन हजार बारचं प्रेशर, नोझलच्या आतली फट काही मायक्रॉनची, तिथे पाणी गेलं की संपलं. प्रत्येक वेळी डीलरच चोर, हे मला पटत नाही.

बाराटायर_कोपरखैरणे
चोर मी म्हटलेलंच नाही. दाखवा म्हटलंय. आणि मी डिझेल तेल कंपनीच्या पंपावरच भरतो, बिलं आहेत, बिलावर डेन्सिटी पण आहे.

पंपनोझल_कळंबोली
आमचं कामच हे आहे म्हणून बोलतो. रिटर्न टेस्टला काही रॉकेट लागत नाही. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढायची, खाली एकसारख्या पारदर्शक बाटल्या लावायच्या, गाडी आयडलला ठेवायची. थोड्या वेळात एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय, त्यामुळे रेलमध्ये प्रेशर बनत नाही. सगळ्या सारख्या आल्या तर पंपाकडे किंवा प्रेशर व्हॉल्व्हकडे बघा. मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आता विचार करा, डिझेलच घाण असेल तर ते सहाही नोझलमधून गेलंय ना, मग पाच चांगले आणि एकच खराब कसा? तिथे माझा संशय पार्टवरच जातो. गाडी माझ्याकडे आणा, नोझल टेस्ट बेंचवर लावून सांगतो, सहा बदलायची गरज बहुतेक पडणार नाही.

माजी_अ‍ॅडव्हायझर
एकच खराब म्हणजे डिझेल चांगलं असं नसतं हो. कण एकाच नोझलच्या सीटवर आधी बसू शकतो, बाकीचे नंतर जातात. आणि वॉरंटीतली गाडी बाहेर उघडली तर उरलासुरला क्लेमपण गेला, हा सल्ला देऊ नका. शिवाय नवीन इंजेक्टर टाकला की त्याच्यावरचा कोड इसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, तो न भरता गाड्या सोडतात आणि मग धूर, खडखड, डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर) चोक. खालचा तांब्याचा वॉशर पण जुनाच लावतात काही जण.

पंपनोझल_कळंबोली
जुना वॉशर लावणारा मिस्त्रीच नाही. कोडिंगचा स्कॅनर आमच्याकडे आहे. वॉरंटीबद्दल बरोबर, आधी नकार लेखी घ्या, मगच गाडी बाहेर काढा.

दोन_गाड्या_भिवंडी
मी तर म्हणतो भांडत बसू नका. गाडी उभी राहिली की रोजचं नुकसान, पैसे भरा, गाडी रोडवर आणा. ग्राहक आयोगात ट्रकवाल्याला कोण विचारतो, धंद्याची गाडी आहे म्हणून पहिल्याच दिवशी बाहेर काढतात.

कायदा_ठाणे
हे अर्धंच खरं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली वस्तू बाहेर ठेवलीय, पण स्वतःच्या पोटासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी व्यापारी हेतूत धरत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रक स्वतः चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलंय, तो ग्राहक आहे म्हणून. ज्याच्या गाड्या पगारी ड्रायव्हर चालवतात त्याचं अवघड. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. कागद नसेल तर पुढे काहीच टिकत नाही.

बाराटायर_कोपरखैरणे
गाडी मीच चालवतो, एकच आहे. भिवंडीवाले भाऊ, पैसे भरून गाडी बाहेर काढली की डिझेल खराब होतं हे मी मान्य केल्यासारखंच झालं ना? पुढच्या वेळी पंप गेला तरी हेच कारण देणार.

दोन_गाड्या_भिवंडी
तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण हप्ता तत्त्वावर भरता येत नाही. भरायचेच झाले तर बिलावर "हरकत नोंदवून भरले" असं लिहून भरा आणि जुने नोझल परत मागा. पैसे तुम्ही दिलेत तर पार्ट तुमचा.

माजी_अ‍ॅडव्हायझर
हे मात्र योग्य. अजून एक, टेस्ट समोर करून घ्यायची असेल तर नंतर फोनवर मागू नका, जॉब कार्ड (गाडीच्या कामाचा कागद) उघडतानाच लिहायला लावा. बाहेरचा मिस्त्री आत सोडणार नाहीत, पण मालकाला बे-जवळ (गाडी दुरुस्तीला लावतात तिथे) उभं राहू द्यायला हरकत नसते. टाकीतलं डिझेल अजून तेच असेल तर सॅम्पल अजूनही निघतं.

बाराटायर_कोपरखैरणे
टाकीला कुणी हात लावलेला नाही. उद्या सकाळी जातो, नवीन जॉब कार्ड, त्यावर "रिटर्न टेस्ट आणि डिझेल सॅम्पल मालकासमोर". सर्व्हिस मॅनेजरची सही झाल्याशिवाय एकही नळी काढू देणार नाही.