सीएसआरच्या पैशातून कोर्स केला, पुढे काय झालं? अनुभव लिहा

पाणवठा (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर बेरोजगारीवरून गाडी सीएसआरवर घसरली आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणे, कंपन्या फ्लेक्स लावून फोटो काढतात. दुसरा म्हणे, त्याच पैशावर आमच्या गावची पोरं नोकरीला लागली. दोन्ही खरं असेल, पण असा कोर्स स्वतः केलेलं किंवा शिकवलेलं त्यात कोणीच नव्हतं. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीएसआर म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू 1 एप्रिल 2014 पासून. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी बसलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करायचे. शिक्षण आणि रोजगाराची कौशल्यं ही त्यातली नेहमीची खाती. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त पैसा महाराष्ट्रात येतो. किती मुलं शिकली, किती 'प्लेस' झाली म्हणजे नोकरीला लागली, हे वार्षिक अहवालात सापडतं. त्याच्या पुढचं सापडत नाही.

तर विचारायचं ते एवढंच: सर्टिफिकेट मिळाल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने कसे गेले? कुठे राहिलात, पहिला पगार हातात पडेपर्यंत खर्च कोणी चालवला? शिकवणारे, पैसे देणारे, कामावर ठेवणारे, सगळ्यांनी लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं, संस्थेचं नाव नको.

चाफेकळी

मी लिहिते. धाराशिव जिल्हा, कोरडवाहू जमीन, बारावी आर्ट्स, आणि घरात लग्नाची बोलणी चालू. गावात संस्थेच्या ताई आल्या होत्या, जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स आहे, राहणं-जेवण फुकट, म्हणाल्या. पेशंटचं बेडपॅन उचलायचं काम म्हणून चुलत्यांनी मोडता घातला. आईने पाठवलं.

शिकवणाऱ्या सिस्टर कडक होत्या. पुतळ्यावर शिकवून झालं की आम्ही एकमेकींना पेशंट करायचो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर टाच, माकडहाड, खांदा, जिथे हाड टेकतं तिथली कातडी फुटते. पेशंटला न उठवता चादर बदलायची. त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, नवी अर्धी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन उरलेली ओढून घ्यायची. एक चुणी दिसली की सिस्टर परत काढायला लावायच्या. तेव्हा राग यायचा. आता वॉर्डात नवीन मुलींना मीच परत काढायला लावते.

म्हणजे कोर्सबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कोर्स संपला तसं होस्टेलही संपलं. नोकरी पुण्यात लागली, पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. पीजीवाल्या काकूंना डिपॉझिट आधी हवं. नाइट ड्यूटी संपते तेव्हा मेस बंद, म्हणजे बाहेरचं खाणं. बॅचमधल्या बऱ्याच मुली याच टप्प्यावर घरी परतल्या. काम जमलं नाही असं एकीचंही नव्हतं. मी टिकले ते मावसबहीण येरवड्यात राहते म्हणून.

आता एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्सचा कोर्स, करायचं मनात आहे. दोन वर्षांच्या कोर्सला पैसे देणारं अजून कोणी भेटलं नाही.

तिरपागडा

आमच्या शाळेत दप्तरं वाटली. फोटो निघाले. चेन महिन्याभरात गेल्या. आमचा अनुभव संपला.

जुनी कानस

शासकीय आयटीआयमध्ये निदेशक आहे, फिटर ट्रेड. देणगीत आलेल्या सीएनसी लेथची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथची, गोष्ट सांगतो. मशीन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतरलं, नारळ फुटला, पेपरात बातमी आली. नंतर लक्षात आलं की वर्कशॉपचा मंजूर वीजभार त्याला पुरत नाही. भार वाढवायचा तर अर्ज, डिमांड नोट, नवीन केबल. संस्थेकडे त्यासाठी खर्चाचं हेड नाही, आणि कंपनी म्हणाली आमचा प्रकल्प मशीनपुरता. मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि पोरं त्याच्या बाजूला उभी राहून सेल्फी काढायची. सुरू झालं तेव्हा ती बॅच पास होऊन गेली होती.

याच्या उलट दुसरी एक कंपनी. तिने वस्तू काहीच दिली नाही, माणूस दिला. त्यांच्या टूलरूममधून निवृत्त झालेले गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस यायचे, मानधन कंपनीचं. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, कसा धरायचा यावर त्यांनी अख्खा दिवस घेतला. थिंबल (फिरणारी नळी) अंगठ्याने पिळायचं नाही, टोकाचं रॅचेट फिरवायचं आणि टिक-टिक झालं की थांबायचं. एकच जॉब दहा पोरांना मोजायला दिला आणि दहा मापं फळ्यावर लिहिली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक म्हणजे काय, हे पोरांना त्या दिवशी कळलं. पुस्तकातून मी ते वर्षानुवर्षं सांगतोच आहे. खर्च म्हणाल तर त्या लेथच्या किमतीत असे गृहस्थ कितीतरी वर्षं आले असते.

उद्योगांनी आयटीआयकडे बघावं, ही कल्पना सीएसआर कायद्याच्या आधीची आहे. 2007-08 पासून देशातल्या 1,396 शासकीय आयटीआयना प्रत्येकी 2.5 कोटींचं बिनव्याजी कर्ज देऊन संस्था व्यवस्थापन समित्या नेमल्या, अध्यक्ष उद्योगातला. ज्या अध्यक्षाला वर्कशॉपमध्ये येऊन बघायला वेळ होता तिथे फरक पडला. बाकी ठिकाणी सह्या झाल्या.

हेड ऑफिसातून

मी पैसे देणाऱ्या बाजूला आहे, एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागात. मार्चची घाई खरी आहे, त्याचं कारण सांगते. 2021 पर्यंत खर्च झाला नाही तर का झाला नाही ते अहवालात लिहिलं की भागायचं. आता तसं नाही. चालू, म्हणजे बहुवर्षीय प्रकल्पाचा उरलेला पैसा वेगळ्या बँक खात्यात टाकावा लागतो, आणि कुठल्याच चालू प्रकल्पाचा नसलेला उरला तर वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत केंद्राच्या ठरलेल्या निधीत भरावा लागतो. तिकडे जाण्यापेक्षा इकडे लेथ घ्या, असं होतं. बहुवर्षीय प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो, तशी सोय नियमातच आहे. ती वापरली तर मार्चमध्ये नारळ फोडावे लागत नाहीत.

एक गैरसमज इथेही येईल म्हणून आधीच लिहिते. प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या विभागाला आहे. संस्थेच्या प्रशिक्षकाचा पगार, वॉर्डनचा पगार, पोरांचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. 'कायद्याने पगार देता येत नाही' असं कोणी संस्थेला सांगत असेल तर नियम उघडून दाखवायला सांगा.

चाफेकळी, कोर्सनंतर दोन महिने होस्टेल चालू ठेवायला माझ्या समजुतीप्रमाणे कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो 'प्रति उमेदवार खर्च'. दोन संस्थांचे प्रस्ताव शेजारी ठेवले की कमी आकड्याची जिंकते, आणि आकडा कमी ठेवायला पहिली कात्री होस्टेललाच लागते. आमच्या तक्त्यात किती शिकले, किती लागले, असे दोनच रकाने होते. 'सहा महिन्यांनी किती कामावर आहेत' हा तिसरा घालायला बरंच भांडावं लागलं, कारण तो घातला की बाकीचे दोन वाईट दिसतात.

वारी चुकलेला

प्लेसमेंट बघतो, एका संस्थेत. आमची पोरं बहुतेक विदर्भातली, नोकऱ्या चाकण, रांजणगाव पट्ट्यात.

पोरगं परत गेलं की आमच्या शीटमध्ये कारण लिहायचं असतं आणि आमची माणसं 'रुची नाही' लिहून मोकळी होतात. मी फोन करत बसतो. खरी कारणं ही अशी असतात. चाकणला कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत आठ जण, शिफ्ट वेगवेगळ्या, झोप नाही. कंत्राटदार बूट-युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून कापतो. महिन्याच्या मध्येच जॉइन झालेला, म्हणजे पहिला पगार तुकड्याचा. मेसवाल्याला ॲडव्हान्स दिला तेव्हाच घरून आणलेले पैसे संपलेले.

आणि एक गंमत, जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. आधारला मोबाइल नंबर बापाचा. पीएफच्या यूएएन नंबरसाठी, बँकेच्या केवायसीसाठी ओटीपी जातो बापाच्या फोनवर. बाप रानात, रेंज नाही. एचआरची बाई खिडकीतून ओरडतेय, ओटीपी सांग लवकर. पोरगं घाबरून उद्या येतो म्हणतं आणि तो दिवस भरत नाही. आता आम्ही कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना आधार केंद्रावर नेऊन नंबर बदलून घेतो. खर्च किरकोळ आहे. आमच्या सगळ्या कारभारात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच असेल.

देणाऱ्यांकडून शेवटचा हप्ता मिळतो तो पोरं तीन महिने टिकल्याच्या पुराव्यावर, म्हणजे पगार स्लिपवर. आमचा एक वायरमन पोरगा दोन महिन्यांत गावी गेला. आज जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरतो, घरांची वायरिंग करतो, चाकणच्या पगारापेक्षा जास्त कमावतो. त्याच्याकडे स्लिप नाही, म्हणून तो आमच्या खात्यावर नापास.

वाळूजची थर्ड शिफ्ट

वरचं सगळं भोगलंय, एक भर घालतो. आयटीआयनंतर ॲप्रेंटिस होतो. 2019 च्या नियमांनी आयटीआय पासला किमान 7,000 रुपये विद्यावेतन, मला त्याच्या थोडं वर होतं. वर्ष संपलं, परमनंट कोणालाच केलं नाही. मग सीएसआरमधून व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरचा कोर्स केला. कोर्समध्ये ऑपरेटिंग शिकवलं: जॉब लावा, क्लॅम्प करा, सायकल स्टार्ट, जॉब काढा, हवा मारा. एवढ्यावर ऑपरेटर होता येतं, आणि दहा वर्षं ऑपरेटरच राहता येतं. पगारात उडी आहे ती सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला. टूलची लांबी घेणं, वर्क ऑफसेट घेणं म्हणजे जॉब कुठे आहे ते मशीनला सांगणं, टूलची कापणारी इन्सर्ट झिजली की माप कुठे सरकतं ते ओळखून भरपाई देणं. ते मला नाइटला एका बिहारी भाईने शिकवलं, मशीन रिकामं असताना, सुपरवायझरच्या नजरेआड. तो नसता तर मी अजून हवाच मारत असतो.

हेड ऑफिस मॅडम, तुमच्या तिसऱ्या रकान्याशेजारी चौथा घाला: ऑपरेटरचा सेटर झाला का?

भोसरीकर वर्कशॉपवाले

माझ्याकडे वीसेक माणसं. सीएसआर मला लागू नाही. तीसच्या आत असल्याने ॲप्रेंटिस घेणंही ऐच्छिक. तरी घेतो, कारण तयार माणूस मला परवडत नाही. इथे सगळे कंपन्या आणि संस्थांबद्दल लिहिताहेत, पण पोरगं खरं शिकतं ते आमच्यासारख्यांकडे. पहिले सहा महिने तो माल खराब करतो, टूल तोडतो, आणि हाताला आला की पाचशे-हजार जास्त देणाऱ्याकडे जातो. जाऊ दे. मीही असाच एकाला सोडून आलो होतो.

म्हणणं एवढंच, की मोठ्या कंपनीने तिचे सीएसआरचे पैसे स्वतःच्या स्किल सेंटरच्या काचेच्या इमारतीत घालण्यापेक्षा त्या पोराचं सहा महिन्यांचं विद्यावेतन द्यावं, आणि पोरगं आमच्याकडे पाठवावं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला हे सुचवलं होतं. चहा चांगला मिळाला.

हेड ऑफिसातून

भोसरीकर, चहाच का मिळाला ते सांगते. तुम्ही आमचे व्हेंडर असाल तर ऑडिटर विचारणार, हा धंद्याचाच भाग कशावरून नाही? कंपनीची नेहमीच्या व्यवसायातली कामं सीएसआरमध्ये धरता येत नाहीत. वर्कशॉप तुमच्यासारखंच पण आमच्याशी देणंघेणं नसलेलं असेल, आणि मध्ये नोंदणीकृत संस्था असेल, तर विचार होऊ शकतो. वाळूज, चौथा रकाना लिहून घेतला.

रानवाट

नंदुरबारहून. कायद्यात लिहिलंय की कंपनीने तिच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. ज्याच्या आसपास कंपनीच नाही त्याने काय करायचं? नंदुरबार, वाशिम, गडचिरोली, धाराशिव हे राज्यातले चार आकांक्षित, म्हणजे मागे पडलेले म्हणून केंद्राने निवडलेले, जिल्हे, 2018 पासून यादीत. कारखाने पुणे, ठाणे, रायगडात. आमच्या मंडळाने अर्ज करायचं ठरवलं तर सीएसआर-1 फॉर्मची सरकारी नोंदणी हवी, आयकराची 12ए, 80जी प्रमाणपत्रं हवीत, तीन वर्षांचा तशाच कामाचा अनुभव हवा. मग मुंबईची संस्था येते, आमचीच पोरं गोळा करून आम्हीच देतो, आणि पोरं पुण्याला जातात.

गंजका बोल्ट

मला वेगळा अनुभव आहे, आठवी ते दहावीतला. पाबळच्या विज्ञान आश्रमाचा (डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला) मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आमच्या शाळेत होता, हत्यारांचे पैसे एका कंपनीने दिले होते. आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, रक्तगट तपासणी. मुलींनाही वेल्डिंग. शाळेचं गेट आम्हीच दुरुस्त केलं, ते थोडं वाकडं बसलंय. मला नोकरी त्याने लागली नाही, मी बीकॉम आहे. पण पुढे काय जमेल आणि काय नाही, हे पंधराव्या वर्षी कळलं. अठराव्या वर्षी मोबिलायझर, म्हणजे कोर्ससाठी पोरं गोळा करणारा, दारात येतो तेव्हा पोरांना तेच माहीत नसतं, म्हणून जी बॅच रिकामी असेल तिच्यात बसतात.

वारी चुकलेला

बोल्ट, शंभर टक्के. आमच्याकडे रिटेलच्या बॅचला बसलेला पोरगा लाजाळू आणि वेल्डिंगच्या बॅचला बसलेला बडबड्या, हे नेहमीचं.

चाफेकळी, एक काम होतं. आमची जीडीएची नवीन बॅच पुढच्या महिन्यात पुण्यात जॉइन होतेय. तुमच्या ओळखीत कमी डिपॉझिटवाली पीजी आहे का? हॉस्पिटल नगर रोडला आहे.

चाफेकळी

आहे, विचारून सांगते. एक काकू अर्ध्या डिपॉझिटवर घेतात, उरलेलं दुसऱ्या पगारातून. पण हॉस्पिटलचं जॉइनिंग लेटर आधी दाखवावं लागतं आणि नाइटवाल्या मुलींना चावी वेगळी मागून घ्यावी लागते. किती मुली आहेत आणि तारीख काय, ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.