क्षारपडीचा निचरा आणि ओढ्याचे पाणी

शिरोळचा मळेकरी: "जमिनीत पाइप टाकणारे शेतकरी स्वतःचे रान सुधारतात आणि कृष्णा नासवतात," हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. माझ्या दोन एकरांत वर्षानुवर्षे पांढरे क्षार फुलत होते आणि लव्हाळ्यापलीकडे काही येत नव्हते. चार फूट खोलीवर खारे पाणी ओढ्याकडे काढणारे सच्छिद्र पाइप टाकले, तेव्हा कुठे तिसऱ्या वर्षी ऊस उभा राहिला. रान पडीक ठेवले असते, तर नदी निर्मळ झाली असती काय?

ओढ्याकाठचा: विधान माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. पाणथळ जमिनीतले जिवाणू खतातून येणाऱ्या ज्या नायट्रेटचा बराचसा वायू करून टाकतात, तेच नायट्रेट निचऱ्यानंतर पाइपातून थेट ओढ्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ते उकळूनही जात नाही. आमच्या वस्तीची विहीर त्याच ओढ्याला लागून आहे.

सांगलीकर ताई: शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी यांविषयी मात्र कोणी बोलत नाही! नदीत माशांचा खच पडतो, तो काय पाइपांमुळे?

ओढ्याकाठचा: ताई, मासे मरतात ते पाण्यातला प्राणवायू संपल्याने; तो गुन्हा मळीचा आणि सांडपाण्याचाच. पण शेजाऱ्याने चोरी केली म्हणून आपल्याला मुभा मिळत नाही.

शिरोळचा मळेकरी: चोर कोणाला म्हणता? जन्मात सरीत उतरला नसाल, म्हणून हे सुचते.

सांगलीकर ताई: मळीचा प्रश्न पुन्हा बाजूलाच राहिला. आमच्या घाटावर उन्हाळ्यात पाणी काळे दिसते, दुर्गंधीने उभे राहवत नाही, आणि येथे पाइपांवरून भांडण!

निवृत्त शाखा अभियंता: दोघेही अर्धेच सांगत आहात. निचरा झालेली जमीन पाऊस पोटात घेते, त्यामुळे मातीला चिकटून वाहणारे खतातले स्फुरद (फॉस्फरस) ओढ्यात कमी जाते. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळते आणि पाइपातून वाढीव जाते. खरा दोष एका दमात युरियाचा डोस टाकून लगेच पाट सोडण्याचा आहे. माझ्या भावाच्या रानात मी हेच पाहिले: सकाळी गोणी रिकामी, दुपारी सरी तुडुंब. तोच डोस चार हप्त्यांत आणि बेताच्या पाण्यावर दिला, तर पाइपाच्या तोंडाशी नायट्रेट नक्कीच कमी निघेल.

शिरोळचा मळेकरी: एका दमात डोस मीही टाकतो, हे नाकारत नाही. रात्री वीज येते, तेव्हा हप्ते मोजत कोण बसणार?

ओढ्याकाठचा: चला, एवढे तरी कबूल झाले, आभारी आहे. पुढच्या पावसात तुमच्या पाइपाच्या तोंडाशी बाटली धरून नमुना घेईन; तेव्हा कुत्रे बांधून ठेवा.