मदत हवी आहे: ०.२४ सिग्निफिकंट नाही अन् ०.१९ आहे, असं कसं?

मंडळी, नागपुरात कृषी विस्तारात एम.एस्सी. करून राहिलो. काटोल-नरखेडकडच्या ८६ संत्रा बागायतदारांकडून ठिबकच्या वापराबद्दल फॉर्म भरून घेतले. आंबिया बहाराची तोडणी सुरू होती, एका काकांनी तर शिडीवरूनच उत्तरं दिली! अॅमॉस या सॉफ्टवेअरात पाथ अॅनालिसिस (कोणत्या घटकाचा कशावर किती परिणाम, हे मोजणारी पद्धत) केलं. अवलंब म्हणजे ठिबक वापरणं; पी म्हणजे परिणाम नसतानाही असा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता, ती ०.०५ च्या खाली असली की सिग्निफिकंट. प्रमाणित गुणांक (सगळे घटक प्रमाण विचलनाच्या एकाच मापात आणलेले; अप्रमाणित म्हणजे मूळ एककांतले) असे:

शिक्षण → ज्ञान ०.७१ (पी ***, म्हणजे ०.००१ पेक्षा कमी)
प्रशिक्षण → ज्ञान ०.१९ (पी ०.०११)
ज्ञान → अवलंब ०.३३ (पी ०.०१२)
शिक्षण → अवलंब ०.२४ (पी ०.०६४)

गाइड म्हणतात, ०.२४ मोठा आहे, तोच महत्त्वाचा लिही. पण सिग्निफिकंट तर ०.१९ आहे! शिवाय प्रमाणित तक्त्यात पी दिसतच नाही, मी वरच्या अप्रमाणित तक्त्यातून उचलला. चुकलं का? सोमवारी सेमिनार आहे.

उत्तर:
घाबरू नका, आउटपुट बरोबर आहे. पी नुसत्या गुणांकावर ठरत नाही. गुणांकाला प्रमाण त्रुटीने (अंदाज किती डळमळीत, त्याचं माप) भागून जो सी.आर. (क्रिटिकल रेशो) येतो, त्यावर ठरतो. तो १.९६ च्या वर गेला की ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट. तुमचं शिक्षण अन् ज्ञान एकमेकांना इतके चिकटलेत की अवलंबातला वाटा कोणाचा, हे मॉडेलला नीट वेगळं करता येत नाही. त्रुटी फुगते, सी.आर. खाली येतो. प्रशिक्षणाला तशी अडचण दिसत नाही.

म्हणून ‘शिक्षणाचा परिणाम नाही’ असं मात्र लिहू नका. ज्ञानामार्फत ०.७१ × ०.३३ म्हणजे ०.२३ येतोच, थेट धरून एकूण ०.४७. अप्रत्यक्ष परिणाम सिग्निफिकंट आहे का, ते पाहायला बूटस्ट्रॅप (आहे त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासणं) लावा.

पी वरच्या तक्त्यातून घेतात सगळेच, पण ती चाचणी अप्रमाणित गुणांकाची आहे, तेवढं तळटीपेत सांगा. प्रशिक्षण हो/नाही असं असेल तर ‘एक प्रमाण विचलन प्रशिक्षण’ याला काय अर्थ? तिथे अप्रमाणितच वाचा. पाथ अॅनालिसिस मांडणाऱ्या सिवॉल राइटनेही १९६० मध्ये प्रमाणित अन् अप्रमाणित दोन्ही गुणांक परस्परपूरक मानले होते. गाइडना हे सांगून पाहा.

धागाकर्ता:
प्रशिक्षण हो/नाहीच आहे! पण बूटस्ट्रॅप एरर देऊन राहिला. दोन फॉर्मांत ज्ञानाचा स्कोअर रिकामा आहे, त्यामुळे?

उत्तर:
त्यामुळेच. रिकामे रकाने असले की अॅमॉस बूटस्ट्रॅप करत नाही. त्या दोघांना फोन लावा. शिडीवरचे काका त्यात असतील, पैज लावतो.